शिक्षेची बदली : ‘फादर टेड’ आणि आयर्लंडचे चर्च

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे, अटलांटिकच्या वाऱ्यात, क्रॅगी आयलंड नावाचे एक बेट आहे. नकाशात ते सापडत नाही, कारण ते आर्थर मॅथ्यूज आणि ग्रॅहम लाइनहन या दोन आयरिश लेखकांनी रचले आहे. तेथे एका एकाकी घरात तीन कॅथलिक धर्मगुरू आणि त्यांचे घर सांभाळणारी एक बाई राहते. वयोवृद्ध फादर जॅक आरामखुर्चीत दारू पिऊन निपचित पडलेले असतात. जाग आली की दारू, मुली आणि दोन शिव्या यांपलीकडे त्यांचा शब्दसंग्रह जात नाही. तरुण फादर डूगल यांना टेबलावरच्या खेळण्यातील गाई आणि दूरच्या कुरणातील खऱ्या गाई यांतील फरक समजावून सांगावा लागतो, आणि तो त्यांना समजत नाही. या दोघांच्या मध्ये फादर टेड क्रिली : थोडी हुशारी, बरीच हाव, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी ठरलेली फजिती.

‘फादर टेड’ ही विनोदी मालिका २१ एप्रिल १९९५ रोजी ब्रिटनच्या चॅनल फोरवर सुरू झाली आणि १ मे १९९८ रोजी संपली. तीन पर्वे, आणि नाताळचा विशेष भाग धरून एकूण २५ भाग. आज तीस वर्षांनंतरही आयर्लंडमध्ये तिचे संवाद म्हणींसारखे वापरले जातात. ती पाहताना इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक साधा प्रश्न विचारावा असे मला वाटते : हे तिघे त्या बेटावर आले कसे?

उत्तर मालिकेतच आहे, पण ते इतक्या सहज येते की हसण्याच्या भरात निसटून जाते. तिघांचीही तेथे बदली झालेली आहे. एका आजारी मुलाला लूर्दच्या तीर्थयात्रेस पाठवण्यासाठी जमलेला निधी टेड यांनी स्वतःवर उडवला. त्यावर त्यांचा कायमचा खुलासा असा की ते पैसे त्यांच्या खात्यात केवळ विसावले होते. डूगल यांच्या हातून ब्लॅकरॉक येथे काही धर्मभगिनींच्या बाबतीत काहीतरी घडले. जॅक यांच्या हातून ॲथलोन येथील एका लग्नात काहीतरी घडले. काय घडले, ते प्रेक्षकाला कधीच सांगितले जात नाही. विनोद त्या न सांगण्यातच आहे. आपल्याकडे सरकारी नोकरीत ज्याला ‘शिक्षेची बदली’ म्हणतात, तीच ही. कोणालाही पदच्युत केले गेले नाही, कोणीही पोलिसांकडे गेले नाही. बिशपने त्यांना नजरेआड केले, इतकेच.

मालिकेतील अतिशयोक्तीचा डोलारा बाजूला काढला तर उरणारी ही मांडणी, म्हणजे ‘गुन्हा झाला, बदली केली’, अजिबात अतिशयोक्त नाही. ती आयरिश चर्चची प्रत्यक्ष कार्यपद्धती होती. १९९५ साली हे थोड्यांना ठाऊक होते, अनेकांना जाणवत होते आणि कागदोपत्री सिद्ध व्हायला आणखी दहा-चौदा वर्षे लागणार होती.

पुढे जाण्यापूर्वी दोन शब्द. बिशपच्या अधिकारातील प्रदेशाला ‘धर्मप्रांत’ आणि एका चर्चच्या हद्दीतील वस्तीला ‘धर्मग्राम’ हे वसईच्या मराठी कॅथलिक समाजात रूढ असलेले शब्द आहेत. आपल्या भाषेत तयार असलेले शब्द सोडून इंग्रजीकडे जाण्याचे कारण नाही. तेच येथे वापरतो.

आता पार्श्वभूमी. १९३७ च्या आयरिश संविधानाने कॅथलिक चर्चला ‘विशेष स्थान’ दिले होते. ते कलम १९७२ च्या सार्वमताने वगळले गेले, पण शाळा, रुग्णालये आणि अनाथालये यांच्यावरील चर्चची पकड कलमावर अवलंबून नव्हतीच. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी दहापैकी नऊ आयरिश कॅथलिक दर रविवारी मिस्सेला जात. १९७९ च्या सप्टेंबरअखेर पोप जॉन पॉल दुसरे आयर्लंडला आले, तेव्हा डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये दहा लाखांहून अधिक माणसे जमली. देशाची लोकसंख्या तेव्हा सुमारे ३४ लाख होती.

दुसऱ्या दिवशी गॉलवे येथे तरुणांसाठी खास मिस्सा झाली. पोप येईपर्यंत लाखोंच्या त्या समुदायाला गाणी आणि विनोदांनी रंगवून ठेवण्याचे काम दोन लोकप्रिय धर्मगुरूंनी केले : गॉलवेचे बिशप एमन केसी आणि डब्लिनचे फादर मायकल क्लिअरी. त्या क्षणी केसी यांचा ॲनी मर्फी या अमेरिकन स्त्रीपासून झालेला मुलगा पाच वर्षांचा होता. क्लिअरी यांचेही आपल्या घर सांभाळणाऱ्या फिलिस हॅमिल्टन यांच्याशी संबंध होते आणि त्यांना मुले झालेली होती. व्यासपीठावर ब्रह्मचर्याचे दोन उत्साही पुरस्कर्ते, समोर लाखो तरुण. एखाद्या विनोदी लेखकाने हा प्रसंग कल्पनेने लिहिला असता, तर संपादकाने ‘फारच ओढूनताणून’ म्हणून परत केला असता.

मे १९९२ मध्ये केसी यांचे प्रकरण वृत्तपत्रांत आले. मुलाच्या संगोपनापोटी धर्मप्रांताच्या खात्यातून सुमारे ७० हजार पौंड दिले गेले होते, हेही उघड झाले. त्यांनी राजीनामा दिला आणि देश सोडला. पुढे ते इक्वेडोरमध्ये मिशनरी म्हणून काम करू लागले. १९९३ च्या अखेरच्या दिवशी क्लिअरी वारले आणि त्यानंतर त्यांचेही गुपित बाहेर आले. टेड यांच्या खात्यात ‘विसावलेले’ पैसे आणि मालिकेतील उग्र बिशप ब्रेनन यांचे अमेरिकेतील गुप्त कुटुंब या दोन्ही गोष्टींवर १९९५ चा आयरिश प्रेक्षक का हसत होता, हे सांगायला वेगळी टीप नको.

पण १९९४ मध्ये जे घडले ते हसण्यासारखे नव्हते. ब्रेंडन स्मिथ हे नॉर्बर्टाइन संघाचे धर्मगुरू. त्यांनी अनेक दशके मुलांवर लैंगिक अत्याचार केले, आणि प्रत्येक तक्रारीनंतर त्यांना दुसरीकडे पाठवण्यात आले : आयर्लंडमधील दुसऱ्या धर्मग्रामात, वेल्सला, अमेरिकेत रोड आयलंडला, नॉर्थ डकोटाला. १९९४ मध्ये बेलफास्टच्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. त्यांच्या प्रत्यार्पणाची मागणी डब्लिनच्या महान्यायवादींच्या कार्यालयात कित्येक महिने पडून होती, हे कळल्यावर त्यावरून उसळलेल्या वादात त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पंतप्रधान अल्बर्ट रेनॉल्ड्स यांचे आघाडी सरकार कोसळले. कॅथलिक आयर्लंडचे सरकार एका धर्मगुरूच्या प्रकरणात पडले! त्यानंतर पाच महिन्यांनी ‘फादर टेड’चा पहिला भाग प्रसारित झाला.

म्हणूनच ‘या मालिकेने चर्चचा दरारा संपवला’ हे नेहमीचे विधान मला उलटे वाटते. दरारा आधी तुटला, मग हसू आले. दहा वर्षांपूर्वी हीच पात्रे पडद्यावर आणणे अवघड होते. ‘मॉन्टी पायथन’ मंडळींच्या ‘लाइफ ऑफ ब्रायन’ या चित्रपटावर आयर्लंडमध्ये १९८७ पर्यंत बंदी होती, हे लक्षात घेतले तरी पुरे.

दुसरी एक दंतकथा अशी की आयर्लंडच्या सरकारी वाहिनीने, आरटीईने, ही मालिका नाकारली म्हणून ती ब्रिटनकडे गेली. लेखकांनी ती आरटीईला कधी दाखवलीच नव्हती. दोघे डब्लिनच्या ‘हॉट प्रेस’ या संगीत-नियतकालिकात काम करून लंडनला गेले होते, आणि तेथील हॅट ट्रिक या निर्मितीसंस्थेने त्यांचा एका भागापुरता बेत मालिकेत रूपांतरित करायला सुचवले. दंतकथा टिकली याचे कारण टेड झालेले डर्मट मॉर्गन असावेत. त्यांचा ‘स्क्रॅप सॅटर्डे’ हा झोंबणारा राजकीय विडंबनाचा कार्यक्रम आरटीई रेडिओने १९९१ मध्ये बंद केला होता, आणि तो राग लोक विसरले नव्हते. ब्रिटनमधील आयरिश स्थलांतरितांना सुरुवातीला वेगळीच धास्ती होती : ब्रिटिश वाहिनीवर पुन्हा एकदा ‘मूर्ख आयरिश’ दाखवणार! लेखक आणि नट आयरिश आहेत, आणि विनोदाचे लक्ष्य आयरिश माणूस नसून आयरिश अधिकार आहे, हे उमगल्यावर ती ओसरली.

अधिकाराचे हे पोकळपण सर्वांत नेमके दिसते ते ‘सेंट टिब्युलस’च्या भागात. बेटावरच्या चित्रपटगृहात एक धर्मनिंदक चित्रपट लागतो आणि बिशप ब्रेनन टेड व डूगल यांना बाहेर निदर्शने करायला फर्मावतात. चित्रपट दोघांनी पाहिलेला आहे. आवडला नाही, ते धर्मनिंदेमुळे नव्हे तर समजला नाही म्हणून. मग ते दोन फलक घेऊन उभे राहतात : एकावर ‘असले प्रकार’ बंद व्हावेत अशी मोघम मागणी, दुसऱ्यावर जपून राहण्याचा सल्ला. परिणाम असा की तो चित्रपट बेटाच्या इतिहासात सर्वाधिक गर्दी खेचतो. या फलकांवरील वाक्ये पुढे जगभरच्या खऱ्या मोर्च्यांत थट्टेने मिरवली गेली. मला मात्र त्यात अधिक महत्त्वाचे वाटते ते निषेध करणाऱ्याचे मन. त्याचा विश्वास उडालेला नाही, कारण तो कधी तपासलाच गेला नव्हता. वरून आज्ञा आली, फलक उचलला. १९२९ च्या सेन्सॉरशिप कायद्यापासूनची आयरिश नैतिक व्यवस्था अशाच लाखो सौम्य, आज्ञाधारक, किंचित कंटाळलेल्या माणसांच्या खांद्यावर उभी होती.

दुसऱ्या एका भागात तीन बिशप बेटावरील एका पवित्र दगडाचा दर्जा वाढवायला येतात. फादर जॅक काही भलतेसलते बोलतील म्हणून टेड त्यांच्याकडून दोनच उत्तरे पाठ करून घेतात : एक होकार, आणि दुसरे, हा ‘सर्वपंथीय ऐक्याचा’ प्रश्न आहे असे. कोणत्याही प्रश्नावर ही दोन उत्तरे चालून जातात. ज्याने एखाद्या संस्थेची पत्रके वाचली आहेत, त्याला ते ओळखीचे वाटेल.

आता ज्या जागी मालिका अडखळते तेथे थांबू. दुसऱ्या पर्वात नीव्ह कॉनोली नावाची एक स्त्रीवादी गायिका बेटावर येते. तिचे चर्चवरचे आरोप हास्यास्पद आहेत : दुष्काळात चर्चने बटाटे दडवून ठेवले होते, वगैरे. हे सरळसरळ शिनेड ओ’कॉनर यांचे विडंबन. ओ’कॉनर यांनी ३ ऑक्टोबर १९९२ रोजी अमेरिकन दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपणात पोपचे छायाचित्र फाडले होते. त्यांचा निषेध मुलांवरील अत्याचारांविरुद्ध होता, आणि तेव्हा जवळजवळ कोणी ते ऐकून घेतले नाही. याच भागात टेड डूगलची समजूत घालतात की सगळे धर्मगुरू तसे नसतात : समजा जगात वीस कोटी धर्मगुरू आहेत आणि त्यांतले पाच टक्के बालशोषक आहेत, तरी ते एक कोटीच होतात!

हा विनोद दुधारी आहे. ‘थोडेच आहेत’ या चर्चच्या ठराविक बचावाचे तो गणित मांडून वाभाडे काढतो. १९९६ साली इतके उघडपणे ते करणे धाडसाचे होते. पण त्याच भागात, खरे बोलणारी स्त्री मात्र चक्रम ठरवलेली आहे. ओ’कॉनर यांनी किशोरवयातले दीड वर्ष डब्लिनच्या हाय पार्क येथील धर्मभगिनींच्या सुधारगृहात काढले होते. त्याच आवारात मॅग्डलीन लाँड्री होती : ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांकडून विनामोबदला कपडे धुऊन घेणारी, त्यांना वर्षानुवर्षे बाहेर न सोडणारी संस्था. १९९३ मध्ये त्या संघाने तेथील जमीन विकली तेव्हा १३३ दफने हलवण्याची परवानगी मागितली गेली. उकरल्यावर निघाले १५५ देह. आयर्लंडमधील शेवटची मॅग्डलीन लाँड्री, डब्लिनच्या शॉन मॅकडर्मट रस्त्यावरची, ऑक्टोबर १९९६ मध्ये बंद झाली. म्हणजे गायिकेच्या थट्टेचा हा भाग लोक पाहत होते तेव्हा ती चालू होती.

हे लक्षात ठेवून मिसेस डॉयलकडे पाहिले की हसू थोडे आखडते. चहाचा आग्रह करून करून पाहुण्याला जेरीस आणणारी, छपरावरून आणि खिडकीतून पडणारी, रात्रभर हातात ट्रे घेऊन उभी राहणारी ही घर सांभाळणारी बाई पॉलीन मॅकलिन यांनी अप्रतिम साकारली आहे. तिला स्वतःचे घर, स्वतःचा वेळ, जवळपास स्वतःचे नावही नाही. तिचे राबणे हा मालिकेतील सर्वांत जुना विनोद आहे. आयरिश चर्चच्या इतिहासात मात्र तो विनोद नव्हता.

२००५ नंतर चौकशी अहवाल येत गेले. २००५ मध्ये फर्न्स धर्मप्रांताचा. मे २००९ मध्ये चर्चसंचालित औद्योगिक शाळा आणि बालगृहांविषयीचा रायन अहवाल. नोव्हेंबर २००९ मध्ये डब्लिन महाधर्मप्रांताविषयीचा मर्फी अहवाल. शेवटच्या अहवालाने १९७५ ते २००४ या काळातील तक्रारी हाताळण्याची पद्धत तपासली. निष्कर्ष असा की किमान १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अधिकाऱ्यांचे लक्ष गुप्तता, बदनामी टाळणे, संस्थेची प्रतिष्ठा आणि तिची मालमत्ता यांवर होते, मुले त्यानंतर. तक्रार आली की धर्मगुरूला हलवायचे, नव्या धर्मग्रामाला काही सांगायचे नाही. स्मिथ यांच्याविरुद्ध १९७५ मध्येच दोन मुलांची साक्ष चर्चने नोंदवून घेतली होती आणि त्या मुलांकडूनच मौनाची शपथ घेतली होती, हे २०१० मध्ये सर्वांसमोर आले. ती नोंदवणाऱ्यांतील एक धर्मगुरू तोवर कार्डिनल शॉन ब्रेडी झाले होते.

हे वाचून परत पहिल्या भागाकडे गेलो की ‘ॲथलोनचे ते लग्न’ आणि ‘ब्लॅकरॉकची ती घटना’ यांवरचे मौन वेगळे ऐकू येते. जॅक यांच्या चार शब्दांतला ‘मुली’ हा शब्दही. लेखकांना हे अभिप्रेत होते असे मी म्हणत नाही. त्यांनी एक सर्वपरिचित सामाजिक सवय उचलली : बाई-बुवांचे काही झाले की ‘फादरांना कुठेतरी पाठवले’ असे सांगायचे आणि पुढे विचारायचे नाही. कल्पित बेट उभे राहायला ती सवय पुरेशी होती, यातच तिच्या प्रचलिततेचा पुरावा आहे. अहवालांत जे समितीला वर्षानुवर्षे कागद चाळून सिद्ध करावे लागले, ते या मालिकेच्या प्रेक्षकाला स्पष्टीकरणाशिवाय कळत होते. मला ही मालिका ऐतिहासिक साधन म्हणून मोलाची वाटते ती यासाठी : समाजाला काय ‘माहीत नव्हते’ याची नव्हे, तर काय माहीत असून विचारले जात नव्हते याची ती नोंद आहे.

हसण्याने सत्ता जाते या समजुतीबद्दलही एक गोष्ट. नोव्हेंबर १९९५ मध्ये, मालिका गाजत असताना, घटस्फोटाला परवानगी देणारे सार्वमत अवघ्या ९,११४ मतांनी संमत झाले. १९८३ मध्ये संविधानात घातलेली गर्भपातबंदी तर २०१८ पर्यंत टिकली. मूळ बेळगावच्या दंतवैद्य सविता हलप्पनवार २८ ऑक्टोबर २०१२ रोजी गॉलवेच्या रुग्णालयात जंतुसंसर्गाने गेल्या. गर्भपात होत असतानाही, गर्भाचे ठोके चालू असल्याने, त्यांची गर्भ काढून टाकण्याची विनंती मान्य झाली नव्हती. हा कॅथलिक देश आहे, असे आपण त्यांना म्हटल्याचे एका परिचारिकेने मृत्यूचौकशीत मान्य केले. फादर टेड यांच्या फजितींवर हसत मोठी झालेली पिढी तोवर तिशी-चाळिशीत होती.

डर्मट मॉर्गन यांनी हे काही पाहिले नाही. शेवटच्या भागाचे चित्रण आटोपल्यानंतरच्या दिवशी, २८ फेब्रुवारी १९९८ रोजी, हृदयविकाराने ते गेले, वय ४५. तिसऱ्या पर्वाचे प्रसारण आठवडाभर पुढे ढकलले गेले. १९९९ मध्ये त्यांना मरणोत्तर बाफ्टा पुरस्कार मिळाला. त्या शेवटच्या भागात टेड यांना अमेरिकेतल्या धर्मग्रामाचे आमंत्रण येते, ते विमानतळापर्यंत जातात आणि अखेर बेटावरच परततात.

एमन केसी २०१७ मध्ये वारले. तोवर बहुतेक आयरिश लोकांच्या मनात ते माफीला पात्र झाले होते : एक प्रेमप्रकरण, एक मुलगा, नंतरच्या राक्षसी प्रकरणांच्या तुलनेत माणसाला शोभेलशी चूक. त्यांना गॉलवे कॅथेड्रलच्या तळघरात, आधीच्या बिशपांच्या शेजारी सन्मानाने दफन केले गेले. जुलै २०२४ मध्ये आरटीईच्या एका माहितीपटाने त्यांच्यावरील बाललैंगिक अत्याचाराचे आरोप एकत्र मांडले. आरोप करणाऱ्यांत त्यांची सख्खी पुतणी होती. त्यांच्यावर फौजदारी खटला कधी उभा राहिला नव्हता. मात्र २००७ मध्येच व्हॅटिकनने त्यांना सार्वजनिक धर्मकार्यास मनाई केली होती, आणि ती मनाई लोकांपासून लपवलेली होती. २०२५ च्या उन्हाळ्यात धर्मप्रांताने त्यांचे अवशेष तळघरातून हलवून कुटुंबाच्या स्वाधीन केले.